तीनशे जणांनी डकवलेलं प्रतिज्ञापत्र

शनिवार, ४ जानेवारी २०२५

सकाळी सातला गंगाधररावांचा मेसेज. साडेसातला फोन – मेसेज वाचला का विचारायला! मंडळाचे अध्यक्ष झाल्यापासून त्यांना धीर म्हणून नाही.

"खंडोजीराव, उद्यापासून नवा नियम! फेसबुक आपले सगळे फोटो घेणार, न विचारता. खाली मजकूर दिलाय, तो आपल्या नावानं टाकला की सुटलो. वकिलानं सांगितलंय म्हणे."

कुठला वकील? नाव नाही. मजकूर इंग्रजीत. वाचला आणि डोकं फिरलं. सुरुवातीला 'मी', तिसऱ्या ओळीत 'आम्ही'. प्रतिज्ञा कोण करतोय, वय काय, राहतो कुठं – काही पत्ता नाही. अडतीस वर्षं कोर्टाबाहेर टाइपरायटर बडवला मी. असला कागद माझ्या टेबलावर आला असता तर उलटा करून त्यावर कॉफीचा पेला ठेवला असता.

तसं म्हणालो, तर गंगाधरराव म्हणतात, "मग तुम्हीच लिहा की नीट. म्हैसूरच्या मराठी माणसांत दुसरं आहे कोण?"

दुसरं आहे कोण! खरंच, कोण आहे?

रविवार, ५ जानेवारी

लिहिलं!

सहा कलमं. वर मराठी, खाली कन्नड. सुरुवात अशी – "मी, नामे (पूर्ण नाव), वय (वर्षे), राहणार (घर क्रमांक, क्रॉस, वसाहत), सत्यप्रतिज्ञेवर जाहीर करतो/करते की..." हे असलं पाहिजे. ओळख पटल्याशिवाय प्रतिज्ञापत्राला अर्थ नाही, हे मी किती पोरसवदा वकिलांना शिकवलं असेल.

कलम चार तर असं उतरलं की तीनदा मोठ्यानं वाचलं. "सदर खातेधारकाच्या तसेच त्याच्या/तिच्या अपत्यांच्या छायाचित्रांचा वापर कोणत्याही इसमास, कंपनीस वा त्रयस्थास करता येणार नाही." 'त्रयस्थास' आठवायला अर्धा तास गेला. कन्नड-इंग्रजी माझ्या बोटांत आहे, पण मराठी घरात बोलण्यापुरती. देवनागरी मी वाण्याच्या पुड्यांवरून आणि जुन्या कॅलेंडरांवरून जुळवत शिकलो. शाळेत कुणी शिकवली नाही. एस.एस.एल.सी.त, म्हणजे दहावीत, दोनदा आपटलो तो माणूस मी!

वेदवती चष्म्यावरून बघत होती. म्हणाली, "लग्न ठरल्यावर मला एक चिठ्ठी लिहिली नाहीत. या फेसबुकाला मात्र सहा कलमं!"

अकराला मंडळाच्या पानावर टाकलं. संध्याकाळपर्यंत बेचाळीस जणांनी आपापली नावं भरून आपापल्या खात्यावर डकवलं.

मंगळवार, ७ जानेवारी

एकशे ऐंशी! नंजनगूडहून एका मास्तरांचा फोन – "सर, असा मजकूर मराठीत प्रथमच पाहिला." सर म्हणाले. मला.

वेदवतीला सांगितलं. ती म्हणाली, "सर, नारळ आणायचाय."

बुधवार, ८ जानेवारी

आज सिंधू खाली आली होती. वरच्या मजल्यावर राहते, तीन वर्षं होतील. इचलकरंजीची. नवऱ्याचा हात उठायचा म्हणून सहा महिन्यांची पोर काखेत मारून माहेरी परतली. तिथंही तो सुखानं राहू देईना, म्हणून पुढं हुबळीला गेली. तिथं त्यानं पत्ता काढला. रोज तिच्या ऑफिससमोर आणि गुंजनच्या बालवाडीसमोर उभा राहायचा. हात लावायचा नाही. नुसता उभा. शेवटी नोकरी, घर, बालवाडी, सगळं सोडून ती इथं आली. इथला पत्ता तिच्या आईशिवाय कुणाला ठाऊक नाही.

गुंजन आता सात वर्षांची. इथं आली तेव्हा कुणाशी बोलायची नाही, पडद्यामागं उभी राहायची. आता गल्लीतल्या पोरांशी माझ्यापेक्षा झकास कन्नडात भांडते. सिंधू नेहमी म्हणते, "काका, आणखी एकदा शाळा बदलायला लावली तर ही परत मुकी होईल."

तर आज ती म्हणाली, "काका, तुमचं ते प्रतिज्ञापत्र मी टाकलं तर गुंजनचे फोटो टाकायला हरकत नाही ना? तीन वर्षांत एकही टाकला नाही. माझ्या मावश्या, आत्या, मैत्रिणी, कुणीच तिला बघितलेलं नाही."

मी म्हणालो, "बिनधास्त टाक पोरी. कलम चार कशासाठी लिहिलंय मी?"

रिकाम्या जागा मीच भरून घेतल्या. नाव, वय बत्तीस, घर नंबर, क्रॉस म्हणजे गल्लीचा नंबर, विजयनगर, पहिला मजला. खाली गुंजनचा फोटो. शाळेच्या फाटकाशी, गणवेशात, टाचा उंचावून. काय गोड दिसते!

पहिला लाइक माझा.

शुक्रवार, १० जानेवारी

नात मृण्मयी हेब्बाळच्या ऑफिसातून कंपनीच्या बसनं सहाला घरी आली. बॅग खाली ठेवली नाही तोच, "अज्जा, हे तुम्ही लिहिलंय?"

मी छाती फुगवून म्हणालो, "तीनशे झाले."

ती माझ्याकडं बघत राहिली. नातीचं असं बघणं मला आवडलं नाही. मग शेजारी बसून म्हणाली, "अज्जा, हे खोटं आहे. तुमचं ड्राफ्टिंग नाही हो, मूळ मेसेज. उद्यापासून वगैरे काही नियम नाही. खातं उघडताना आपण 'मान्य' दाबतो ना, तेव्हाच करार होतो. नंतर आपल्याच पानावर काहीही लिहिलं तरी त्यातली एक ओळ बदलत नाही."

मी म्हणालो, "माझा फोटो माझा नाही का मग?"

"तुमचाच आहे. हे लिहिलं नसतं तरी तुमचाच होता. कंपनीला तो दाखवायची परवानगी तुम्ही पहिल्या दिवशीच दिलीत. नको असेल तर फोटो काढून टाका, खातं बंद करा. आणि बाकीच्यांनी काय बघायचं ते ठरवायला सेटिंग असतं. लिहून काय होणार?"

फोनवर तोच मेसेज दाखवला. दहा-बारा वर्षांपूर्वीचा! त्यातही 'उद्यापासून'च होतं. इतकी वर्षं झाली, यांचा उद्या काही उजाडला नाही.

मला राग आला. म्हणालो, "तीनशे माणसं मूर्ख आहेत का?"

"मूर्ख नाहीत, अज्जा. त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे."

मी उठून आतल्या खोलीत गेलो.

शनिवार, ११ जानेवारी

मृण्मयीशी बोललो नाही. तीही बोलली नाही. वेदवती दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत कॉफी नेऊन देते आणि पेला जरा जोरातच ठेवते.

रविवार, १२ जानेवारी

आज सगळं लिहून ठेवतो. ही वही मराठीत असते ते बरंय – पुनीतला मराठी वाचता येत नाही. बापाची फजिती मुलाला कळायला नको.

सकाळी दाढी करताना एक जुनी गोष्ट आठवली. वीस-बावीस वर्षांपूर्वी एक भाडेकरू माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "भाडेकरारात घरमालकाच्या अटी फार आहेत. त्या मला मान्य नाहीत असं स्टॅम्पपेपरवर टाइप करून द्या, मी सही करतो." मी हसून हसून बेजार! त्याला म्हणालो, "अरे बाबा, करारावर दोघांच्या सह्या आहेत. बदलायचा तर दोघांच्याच लागतील. तुझ्या एकट्याच्या सहीनं फार तर तुझी शाई संपेल. नोटीस द्यायची म्हटलीस तरी समोरच्याच्या हातात पडली पाहिजे, पोच पाहिजे." हेच बोललो होतो! याच तोंडानं!

ब्रश हातात तसाच. मी फेसबुकला कुठं नोटीस दिली? कुठाय पोच? मी तर आपल्याच भिंतीवर डकवलं. घरमालकाला द्यायची नोटीस आपल्याच कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवावी, तसं.

पोरीचं बरोबर आहे. आणि ते मला माझ्याच धंद्यातून कळायला हवं होतं. सहा कलमांच्या नादात कळलं नाही.

अर्धा गाल साबणानं माखलेला, तसाच फोन घेऊन बसलो. आपला मजकूर परक्या पक्षकारानं आणलाय असं समजून पहिल्यापासून वाचायला लागलो. ही माझी जुनी सवय – लिहिणारा मी नाहीच असं धरून वाचायचं.

पहिल्याच ओळीला थांबलो.

नामे. वय. राहणार.

देवा रे! खाजगीपणा जपायचा म्हणून मी तीनशे माणसांना नाव, वय आणि घराचा पत्ता लिहायला लावला. सगळ्या जगाला दिसेल असा! एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका, तरण्या पोरी, सगळ्यांना चौकात पाटी धरून उभं केलं. तो मूळ गबाळा मेसेज बरा होता. त्यानं निदान पत्ता तरी विचारला नव्हता! पत्ता मी घातला. शहाण्यानं.

आणि मग सिंधू आठवली.

जिना चढताना गुडघे दुखले नाहीत. काहीच जाणवलं नाही. ती गुंजनची वेणी घालत होती. माझ्या गालावरचा साबण बघून गुंजन हसायला लागली. मी म्हणालो, "गुंजन, खाली अज्जीकडं जा जरा." ती गेल्यावर सिंधूला सांगितलं. आडवळण न घेता, एका दमात.

तिनं वेणीचा कंगवा खाली ठेवला. फोन घेतला. तिथल्या तिथं फोटो काढून टाकले, प्रतिज्ञापत्र काढून टाकलं. मग म्हणाली, "छत्तीस जणांनी पुढं पाठवलं होतं, काका. कुणी त्याचा फोटो काढून ठेवला असेल तर?"



"चूक माझी आहे, सिंधू," एवढंच म्हणालो.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं स्टूल घेतलं, माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली आणि म्हणाली, "नंजनगूडकडं एखादं घर बघाल का?"

सोमवार, १३ जानेवारी

माघारीचं निवेदन लिहिलं. प्रतिज्ञापत्राला एक दिवस लागला होता. या नऊ ओळींना दुपार गेली.

"मी खंडोजीराव. मी लिहिलेलं प्रतिज्ञापत्र कायद्यानं निरुपयोगी आहे. एवढंच नाही, ते धोक्याचं आहे, कारण त्यात मी तुम्हाला पत्ता लिहायला लावला. ते आजच्या आज काढून टाका. मूळ मेसेज खोटा आहे, दरवर्षी नवा होऊन फिरतो. फोटो जपायचे तर लिहून उपयोग नाही, सेटिंग बदलावं लागतं. ते कसं, हे दाखवायला मी प्रत्येकाच्या घरी येईन. चूक पूर्णपणे माझी."

मृण्मयीला वाचायला दिलं. तीन दिवसांनी आम्ही बोललो ते असे. तिनं दोनदा वाचलं. म्हणाली, "एक शब्द बदलायला नको. अज्जा, हे सगळ्यात भारी ड्राफ्टिंग आहे तुमचं."

मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. बसमध्ये झोपते तशी.

टाकल्यावर दहाव्या मिनिटाला गंगाधरराव. "अहो, हे काय? मंडळाची लाज गेली! सुम्ने, गप्प बसायचं होतं, लोक विसरले असते."

"लोक विसरतील हो. पत्ता तिथंच राहील."

"पण चूक झाली असं कुणी लिहून देतं का?"

"माझ्याकडं रोज दहा जण लिहून द्यायला यायचे, गंगाधरराव. आज मी दिलं."

फोन ठेवला आणि मनात म्हटलं, वा खंडोजी!

मंगळवार, १४ जानेवारी – संक्रांत

वेदवतीची अक्कल बघा! काल म्हणाली, "घरोघर एकटे जाऊन काय सांगणार? बायका फोन हातात देतील का तुमच्या? उद्या एळ्ळु-बेल्ला वाटायला मी जाणारच आहे. ताट माझं, सेटिंग तुमचं." तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे यांच्या पुड्या घेऊन आजच्या दिवशी म्हैसूरच्या बायका घरोघर जातातच – दार कुणी बंद ठेवत नाही.

एकतीस घरं! मृण्मयीनं सुट्टी काढली. ती फोन हातात घ्यायची, मी बाजूला उभा राहून कबुली द्यायचो, वेदवती तोवर उसाचा तुकडा पुढं करायची.

एक आजीबाई म्हणाल्या, "अय्यो, मी तर वय सहा वर्षं कमी लिहिलं होतं. तेही काढायचं?"

दुसऱ्या घरी साहेब रागावले. "आधी टाका म्हणता, आता काढा म्हणता. उद्या काय, नाव बदला म्हणाल?"

म्हणालो, "उद्या काही म्हणणार नाही. आज तेवढं काढा."

त्यांच्या पत्नीनं मागून हात घालून फोन काढून घेतला आणि मृण्मयीला दिला. "हे बोलत बसतील. तू कर, मगळे." मगळे म्हणजे पोरी. अशा बायकांच्या जोरावर ही गल्ली चाललीये.

हे आता मलाही जमतं. फोटोखाली पृथ्वीचं चिन्ह दिसलं तर सगळ्या जगाला दिसतंय. दोन माणसांचं दिसलं तर ओळखीच्यांपुरतं. पाच घरं मी एकट्यानं केली! मृण्मयी मागं हात बांधून उभी होती आणि पाहत होती, मी कोर्टाबाहेर टायपिंग शिकणाऱ्या नव्या पोरांना पाहायचो तशी.

सिंधूनं पुडी घेतली. बॅग दाराशी होती. अर्धी भरलेली.

गुरुवार, १६ जानेवारी

झालं. ज्याची भीती होती ते झालं.

सिंधूच्या फोनवर देवेशचा, तिच्या नवऱ्याचा, मेसेज. तिच्या प्रतिज्ञापत्राचा फोटो. पत्त्याभोवती लाल गोल. खाली दोन शब्द. "पत्ता मिळाला."

माझे शब्द. माझा मसुदा. माझ्या 'राहणार'भोवती त्याचा लाल गोल.

पुनीत म्हणाला, "अप्पा, आता वाट बघायची नाही." मृण्मयी आणि वेदवती सिंधूला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. मी म्हणालो, अर्ज मी लिहून देतो. सिंधू म्हणाली, "नको काका, मी लिहीन." बरोबरच आहे. माझ्या हातचं आता ती कशाला घेईल! हुबळीतलं सगळं तारखांसह तिनं लिहिलं. तिथं बसलेल्या बाई अधिकाऱ्यांनी नीट वाचलं, तक्रार घेतली, पोच दिली, आणि तो आला तर लगेच फोन करा म्हणून नंबर दिला.

नंजनगूडच्या त्या मास्तरांना फोन केला. त्यांच्या ओळखीत दोन खोल्या रिकाम्या आहेत. मंगळवारी जाता येईल. सिंधूला सांगितलं. तिनं मान हलवली.

गुंजनला अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी अंगणात शाळेच्या नाचाची तालीम करत होती. मला दुसरी पोरगी बनवून शेजारी उभं केलं. नाचलो.

रविवार, १९ जानेवारी

आजचं आजच लिहायला हवं.

राहिलेल्या लोकांसाठी आमच्या व्हरांड्यात फोनची शाळा ठेवली होती. बावीस जण आले. गंगाधररावही! तोंड वाकडं करून आले, पण आले. फाटकाजवळची खुर्ची घेतली. मृण्मयी शिकवत होती – कॅमेरा कसा उघडायचा, फोटो फक्त घरच्यांना कसा दाखवायचा. सगळे म्हातारे-म्हाताऱ्या फोन हातभर लांब धरून एकमेकांचे फोटो काढत होते.

साडेअकराला फाटकाशी रिक्षा थांबली. चाळिशीच्या आतला माणूस उतरला. इस्त्रीचा शर्ट. फोन पुढं धरून विचारलं, "सिंधू इथंच राहते ना? पत्ता हाच आहे."

मी उठायच्या आत गंगाधरराव उठले. जे मला सुम्ने बसा म्हणाले होते तेच!

"आपण कोण?"

"तिचा नवरा."

"पूर्ण नाव?"

"देवेश... तुम्हाला काय करायचंय?"

"वय?"

"अहो, मी काय विचारतोय –"

"राहणार कुठं? घर नंबर सांगा. तिचा तुमच्याकडं आहे, तुमचा आमच्याकडं असू दे."

कुणीतरी फिसकन हसलं. तो फाटकाची कडी काढायला लागला. आत पाऊल टाकणार तेवढ्यात वेदवती उभी राहिली, फोन हातभर लांब धरून. "जरा तिथंच थांबा हं. आजच शिकलेय, हात हलतो माझा."

खटक.

आणि मग काय सांगू! एकामागून एक बावीस फोन वर झाले. वय लपवणाऱ्या आजी, रागावलेले साहेब, सगळे. खटक, खटक, खटक! त्यानं हात तोंडापुढं धरला आणि ओरडला, "माझा फोटो काढायचा नाही! माझी परवानगी नाही!"

"मग लिहून टाका की भिंतीवर," गंगाधरराव म्हणाले.

मी हसलो नाही. मला जिन्यावर पावलं ऐकू आली होती.

सिंधू खाली येत होती. मृण्मयीनं डोळ्यांनी खुणावलं, वर जा. ती थांबली नाही. तिसऱ्या पायरीवर उभी राहिली. चेहरा पांढरा, पण आवाज साफ.

"देवेश, पोलिसांना मी फोन लावलाय. तुझा मेसेजही त्यांच्याकडं आहे. हुबळीला मी एकटी होते. तुला जे म्हणायचंय ते कोर्टात म्हण, मी येईन."

"गुंजनला बघायचंय मला."

"तेही कोर्टाला विचार."

तो आणखी काही बोलणार होता. बावीस जणांकडं बघितलं. वळला. रिक्षा थांबलेलीच होती. पोलीस आले तोवर तो गेलेला, पण फोटो भरपूर होते! त्या बाई अधिकारी म्हणाल्या, इतक्या बाजूंनी काढलेले फोटो आम्हालाही मिळत नाहीत. सगळं तक्रारीला जोडलं.

लोक गेल्यावर सिंधू पायरीवरच बसली. वेदवतीनं तिचे हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवले. गुंजन आत मृण्मयीच्या मांडीवर होती. तिला किती कळलं कोण जाणे.

माझी चूक चूकच आहे. आज जमून आलं म्हणून ती धुतली गेली नाही. रविवार नसता, व्हरांडा रिकामा असता, तर? हा 'तर' माझ्याकडंच राहील. पण या माणसांचा अभिमान वाटला. गंगाधररावांचासुद्धा. हे लिहायला जड जातंय, पण लिहितो.

मंगळवार, २१ जानेवारी

आज सामान न्यायला टेम्पो येणार होता. सिंधू सकाळी आठला खाली आली. "काका, टेम्पोवाल्याला आज नको म्हणून सांगाल?" आज नको. म्हणजे उद्या? विचारायची हिंमत झाली नाही.

ती आणि मृण्मयी एका वकीलबाईंकडं गेल्या.

शुक्रवार, २४ जानेवारी

शाळेत जाऊन सिंधू मुख्याध्यापिकांना भेटली. गुंजनला न्यायला फक्त आई, नाहीतर खंडोजीराव नाहीतर वेदवती. लेखी दिलं, पोच घेतली. पोच घ्यायचं मी सांगितलं नव्हतं!

बॅग अजून दाराशीच.

बुधवार, २९ जानेवारी

नंजनगूडच्या मास्तरांचा फोन. "सर, खोल्या ठेवू का सोडू?"

म्हणालो, विचारून सांगतो. विचारलं नाही.

आणि हो – आज तोच मेसेज पुन्हा आला! वेगळ्या गटात, वेगळ्या वकिलाच्या नावानं, परत 'उद्यापासून'. मी माझं निवेदन खाली जोडलं. पाच मिनिटांत बाया-बापे, सगळे तुटून पडले. "हे खोटं आहे. खंडोजीरावांना विचारा, त्यांनी फसून बघितलंय." अशी कीर्ती कुणाला मिळते!

रविवार, २ फेब्रुवारी

सकाळी वरून ठोकाठोकीचा आवाज. गेलो. वरच्या दाराला तीन वर्षांत नाव नव्हतं. आज सिंधू स्टुलावर उभी राहून पितळी पाटी लावत होती. मराठीत आणि कन्नडात तिचं पूर्ण नाव, माहेरचं. खाली गुंजनचं.

म्हणालो, "मजकूर एकदा बघून देऊ?"

"बघा," म्हणाली, "पण बदलायचं काही नाही, काका."

बघितला. खरंच नव्हतं. मग मी स्टूल धरून उभा राहिलो.